अडीच तास पहिला नंबर

धान कापणीला आलं की मला बेसबॉल आठवतो. हे मी कुणासमोर बोलत नाही, कारण पुढची दहा मिनिटं खुलासा करण्यात जातात. जिनं बेसबॉलची बॅट कधी हातात धरली नाही, एकही सामना पूर्ण पाहिला नाही, त्या भंडारा जिल्ह्यातल्या बाईला ऑक्टोबर लागला की त्या खेळाची आठवण का यावी? पण येते. सकाळी जवाहरनगरच्या क्वार्टरमधून बाहेर पडावं, फॅक्टरीच्या बसेस नुकत्याच गेलेल्या असाव्यात, रस्त्याच्या कडेला हलकं, लवकर येणारं धान पिवळं पडलेलं असावं. कुठे कुठे विळा लागून कापलेल्या धानाच्या कडपा, म्हणजे मुठी, बांधीत, धानाच्या खाचरात, आडव्या पडलेल्या असतात, त्यांचा ओलसर गोड वास नाकात शिरतो. आणि मनात पहिलं येतं ते हे, की तिकडे अमेरिकेत आज कोण जिंकलं असेल. मग लगेच दुसरं येतं. ते दुसरंच लिहायला बसले आहे.

चार वर्षांपूर्वी मी भंडाऱ्यात एका ऑफिसात कामाला होते. ऑफिस म्हणजे शिलाई मशीनच्या दुकानावरची एक खोली, चार टेबलं, एक इन्व्हर्टर, आणि अमेरिकेची वेळ दाखवण्यासाठी आणलेलं, बहुतेक बंदच असणारं एक घड्याळ. नागपूरच्या एका माणसानं तिकडच्या एका बेसबॉलच्या वेबसाइटचं लिखाण करून द्यायचं काम घेतलं होतं. त्याला आम्ही सगळे नुसतं ‘सर’ म्हणायचो. नागपूरच्या मुली सकाळी सहाला यायला तयार नव्हत्या, भंडाऱ्याच्या होत्या. तिकडे संध्याकाळी सुरू झालेले सामने आपल्याकडे उजाडता उजाडता संपत. खालचं दुकान उघडायच्या आत आमच्या चार-पाच पोस्ट लागलेल्या असत.

बातमी आम्ही आणत नव्हतो. ती आधीच कुणीतरी आणलेली असे, पळून, विचारून, मैदानाच्या कडेला उभं राहून. आम्ही फक्त तिचे कपडे बदलायचो. दोन वर्तमानपत्रं वाचायची, वाक्यं फिरवायची, आणि लोक शोधताना जे शब्द टाइप करतात ते त्यात पेरायचे. ते शब्द दाखवणारं एक सॉफ्टवेअर होतं. खेळाडूचं नाव मथळ्यात हवं, पहिल्या ओळीत हवं, एका उपमथळ्यात हवं, फोटोखालीही हवं. मथळा प्रश्नासारखा करायचा. आणि उत्तर तिसऱ्या परिच्छेदाच्या आधी द्यायचं नाही, म्हणजे वाचणारा तोवर पानावर थांबतो. एखाद्याचा खांदा दुखला म्हणून तो मैदानाबाहेर गेला असेल, तर ‘खांदा दुखला’ हे तीन परिच्छेद दाबून धरायचं. मी या कामात तरबेज झाले होते. इतकी, की घरी आईनं ‘भाजी कायची करू?’ असं विचारलं तरी मी सरळ उत्तर देत नसे.

त्या सॉफ्टवेअरनं मला माणसांबद्दल जे शिकवलं, ते मला शिकायचं नव्हतं. कुठल्याही खेळाडूचं नाव टाकलं की पुढे आपोआप सूचना येत: बायको, वय, घर, आणि चौथी-पाचवी सूचना असे ‘मृत्यूचे कारण’. माणूस ठणठणीत जिवंत असायचा, आदल्या दिवशी खेळलेला असायचा, आणि कुठेतरी हजारो लोक त्याच्या नावापुढे तो कशानं मेला हे विचारत बसलेले असायचे. पहिल्या आठवड्यात मला याचा शहारा आला. दुसऱ्या आठवड्यात मी त्यावर उपमथळा केला.

मी तपासणारी होते. बाकीच्या तिघी लिहायच्या, मी वाचून बटण दाबायचे. घाई असली तर त्यांनाही बटण दाबायची मुभा होती. चूक दिसली तर मी ती पोस्ट काढून टाकायची, एवढाच नियम होता. त्या तिघींत हेमा होती, हेमलता, आंबागडची. गडाच्या पायथ्याशी त्यांची थोडी धानाची शेती. ती बी.कॉम. झाली होती आणि भंडाऱ्यात आणखी दोन मुलींबरोबर खोली करून राहायची. इंग्रजी तिचं माझ्यापेक्षा चांगलं होतं. बोलताना अडखळायची, लिहिताना नाही. घरून लग्नाचा तगादा होता, आणि तिनं बापाशी एक करार केला होता: जोवर नोकरी आहे तोवर स्थळ आणायचं नाही. हे तिनं मला पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. म्हणजे ती नोकरी तिच्यासाठी काय होती हे मला ठाऊक होतं, आणि ठाऊक नव्हतं असं मी पुढे कधीही म्हणू शकणार नाही.

पोस्टवर आमची नावं नसत. वाचणाऱ्याला विश्वास वाटावा म्हणून प्रत्येकीला एक अमेरिकन नाव दिलेलं होतं. हेमा ‘एमी’ होती. एमीचा एक छोटा फोटोही होता, सोनेरी केसांचा. हेमा त्या फोटोला ‘माही सवत’ म्हणायची.

त्या वर्षी एक म्हातारा पिचर आजारी पडला. पिचर म्हणजे चेंडू फेकणारा. तरुणपणी त्यानं असे काही चेंडू फेकले होते की तिकडे लोक आपल्या पोरांना त्याचं नाव ठेवायचे. मी त्याचं नाव इथे लिहीत नाही. एकेका पोस्टमध्ये आठ-आठ वेळा लिहून मी त्या नावाचा पुरेसा वापर करून घेतला आहे. सप्टेंबरात तो दवाखान्यात गेला आणि त्याच्या नावाचा शोध वाढला. आम्ही रोज एक पोस्ट टाकू लागलो. आज कसा आहे. काल कसा होता. मुलगी काय म्हणाली. बायको कोण आहे. लग्नाला किती वर्षं झाली. सांगण्यासारखं नवं काही नसायचं, तरी लिहायचो. हेमा जुने फोटो शोधायची, आणि त्यातल्या एकात तो टोपी मागे सारून कलिंगड खात होता. तो फोटो पाहून ती म्हणाली की हा तर माझ्या आजासारखा खातो. तेव्हापासून तो आमच्या खोलीत ‘आजा’ झाला.

मग सरांचा फोन आला, मसुदा तयार ठेवा म्हणून. मोठ्या वर्तमानपत्रांत तसं करतात, त्यात वावगं काही नाही, असं त्यांनी समजावलं. मी तो मसुदा लिहिला. ‘मृत्यूचे कारण’, ‘पत्नी आणि मुले’, ‘अखेरचा सामना’, सगळे उपमथळे जागच्या जागी होते. फक्त तारखेची जागा रिकामी होती. त्यानंतर रोज सकाळी सहाला खोलीत शिरल्यावर आमचं पहिलं काम एकच: गेला का ते पाहणं. गेला नसेल तर खोलीत एक बारीकशी निराशा पसरायची. ती कुणी बोलून दाखवायचं नाही, पण मी स्वतःच्या पोटात ती ओळखत होते. म्हाताऱ्याचा एकेक दिवस म्हणजे दुसऱ्या कुणी आपल्या आधी बातमी टाकण्याची एकेक संधी. एखाद्याच्या मरणाची वाट पाहणं माणसाला इतकं सहज जमतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

त्याच दिवसांत अवकाळी पाऊस आला. कापलेलं धान बांधीतच भिजलं, कडपांतल्या लोंब्यांना कोंब फुटले. हेमा एका रविवारी गावी जाऊन आली तर तिच्या बोटांच्या कडा काळ्या पडल्या होत्या. ओल्या कडपा उलटून उलटून वाळवल्या, म्हणाली. धानाला कोंब फुटले की त्याला एक आंबूस, कुजका वास येतो. तो तिच्या ओढणीला लागून आमच्या खोलीत आला होता. त्या वासात बसून आम्ही आजाच्या तब्येतीची पोस्ट लिहिली.

दुपारी डबा खाताना तिनं कावळ्याची गोष्ट सांगितली. त्यांच्याकडे कावळा माणसाच्या डोक्याला शिवला तर तो मरणाचा सांगावा मानतात. त्यावर उपाय एकच, तो माणूस मेला अशी खोटी खबर नातेवाइकांत पाठवायची. खबर ऐकून ते रडत आले, की मरण एकदा होऊन गेलं असं समजायचं, आणि आयुष्य वाढतं. तिच्या बापाला दम्याचा त्रास, खाटेवरून उठवत नव्हतं, अशातच तो अंगणात खाटेवर बसलेला असताना कावळा शिवला. तिच्या आईनं त्याच दुपारी तुमसरला भावाला कळवलं. मामा मोटारसायकलवर दोघांना बसवून रडत आला, तर दारात हेमाचा बाप बिडी ओढत बसलेला. मामानं आधी त्याला शिव्या दिल्या, मग मिठी मारली, मग सगळे जेवले. त्याला सात वर्षं झाली होती, आणि बाप अजून शेतात जात होता.

मी हसले. नुसती हसले नाही, एक भाषणही दिलं. आमच्या आजोबांनी छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतली. त्या दिवसापासून आमच्या घरात शकुन-अपशकुनाला उंबरा ओलांडू दिला नाही, आणि याचा मला अभिमान होता, आजही आहे. दम्याला औषध लागतं, कावळा नाही, असं मी तिला सुनावलं. ती रागावली नाही. डब्याचं झाकण लावत म्हणाली, “तुह्या घरी नसंल मानत. पण माहा बाप जिता आहे ना वं.” मी हात धुवायला गेले.

आता त्या सकाळबद्दल. ती किती वेळा लिहून खोडली आहे ते मलाच माहीत.

त्या दिवशी मला ऑफिसला उशिरा जायचं होतं, म्हणून सकाळची तपासणी मी घरूनच करणार होते. सात वाजायला दहा मिनिटं असताना मी लॅपटॉप उघडला. आई स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होती, बाबा फॅक्टरीत पाळीला निघून गेले होते. मी साइट उघडली आणि सगळ्यांत वर आजाच्या मरणाची पोस्ट होती. माझा मसुदा, शब्द न् शब्द माझा. टाकणारी एमी. दहाच मिनिटांपूर्वी लागलेली. माझं पहिलं काम मी केलं: इतर वर्तमानपत्रं पाहिली. कुणाकडेच नव्हती. म्हाताऱ्याच्या मुलीनं आदल्या रात्रीच कळवलं होतं की आता फार दिवस नाहीत. त्यापुढे काही नाही. मग मी तारीख पाहिली. हेमानं आपल्याकडची तारीख घातली होती. म्हाताऱ्याच्या गावात तेव्हा आदली संध्याकाळ होती. जो दिवस त्याच्याकडे अजून उगवलाच नव्हता त्या दिवशी तो मेला होता.

मला त्याच क्षणी कळलं. कावळा, मामा, मोटारसायकल, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. ही चूक नव्हती, हेमानं जाणून केलं होतं.

एक बटण होतं. ते दाबलं असतं तर पोस्ट गेली असती. माझा हात त्याच्याकडे गेलासुद्धा. पण जाता जाता मी शोधखिडकीत म्हाताऱ्याचं नाव टाकलं, सवयीनं. आणि आम्ही पहिले होतो. मोठमोठ्या वर्तमानपत्रांच्या वर, त्यांच्या त्या शंभर माणसांच्या ऑफिसांच्या वर, शिलाई मशीनच्या दुकानावरची आमची खोली. दोन वर्षांत आम्ही कधी पहिल्या पानावरही नीट आलो नव्हतो. वाचणाऱ्यांचा आकडा क्षणाक्षणाला फुगत होता. मी स्वतःला म्हणाले, पाच मिनिटं. मग म्हणाले, कुणास ठाऊक, खरीही असेल. मग अंघोळीला गेले.

परत आले तर आकडा आणखी वाढला होता. आईनं ताट वाढलं. तीही रोज विचारायची, तशी तिनं विचारलं, “तुमचा तो म्हातारा कसा आहे?” मी हातातल्या फोनवर त्याच्या मरणाची माझीच वाक्यं वाचत होते. म्हणाले, आहे अजून. “बरं,” म्हणून ती चहा गाळायला वळली.

भंडाऱ्याला जाताना ऑटोत पुढे बसले होते. दोन्ही बाजूंना भिजलेलं धान वाळत पडलेलं, बाया कडपा उलटत होत्या, आणि मी मांडीवर फोन ठेवून तो आकडा पाहत होते. मी आनंदात होते, हे लिहायलाच हवं. भीती होती, पण तिच्या वर आनंद होता. सव्वानऊला मी खोलीत शिरले तेव्हा एका मोठ्या वर्तमानपत्रानं छापलं होतं की म्हातारा जिवंत आहे आणि घरच्यांनी अफवा पसरवणाऱ्यांचा धिक्कार केला आहे. तेव्हा मी बटण दाबलं. अडीच तासांनी.

हेमा आपल्या टेबलाशी हात मांडीवर ठेवून बसली होती. बाकीच्या दोघी अजून आल्या नव्हत्या. मी ओरडले नाही. इतकंच विचारलं, की कावळा शिवला नव्हता ना त्याला? मग कायले केलं? ती म्हणाली, “आपणच कावळे आहो ना वं. रोज त्याच्या डोक्यावर बसून राहिलो.”

तेवढ्यात सरांचा फोन आला. त्यांनी आधी आकडा विचारला. ऐकून त्यांचा आवाज एका क्षणासाठी खुशीत आला, मी तो ओळखते. मग त्यांना आठवलं की रागवायचं आहे. साइटवाल्यांना कुणाचं तरी नाव हवं होतं. कुणी टाकलं? हेमानं, मी म्हटलं. तू कधी पाहिलं? आत्ता, मी म्हटलं, नऊला कॉम्प्युटर उघडला आणि लगेच काढलं. हेमा समोर बसून ऐकत होती. ती काही बोलली नाही. त्याच दिवशी तिला जायला सांगितलं. तिनं डबा, ओढणी आणि ड्रॉवरमधली सेफ्टीपिनांची डबी घेतली आणि जिना उतरून गेली. मी तिला थांब म्हणाले नाही. नऊ वाजताचं ते खोटं मी दुपारी माझ्या रोजच्या अहवालातही लिहिलं, आणि त्यातलं व्याकरण तपासलं.

दोन दिवसांनी म्हातारा खरोखर गेला. मी पोस्ट टाकली, या वेळी तारीख त्याच्याकडची. कुणी फारशी वाचली नाही. आमची खोटी पोस्ट तोवर वीस-पंचवीस साइटींनी उचलली होती, आणि आम्ही काढली तरी त्यांनी काढली नव्हती. लोकांनी त्याचं मरण आधीच वाचून टाकलं होतं. खरं मरण दुसऱ्या पानावर गेलं.

आणखी एका आठवड्यानं सामाईक पेटीत एक मेल आली. ‘प्रिय एमी’ अशी सुरुवात होती. म्हाताऱ्याच्या मुलीची होती. रागाचा एक शब्द नव्हता, तेच वाईट होतं. तिनं लिहिलं होतं की त्या संध्याकाळी तिची आई दोन दिवसांनी पहिल्यांदा दवाखान्यातून घरी गेली होती, अंघोळ करून कपडे बदलून परत येणार होती. कुणा मैत्रिणीनं सांत्वनाचा निरोप पाठवला आणि त्याखाली आमच्या पोस्टची लिंक जोडली. आई स्वयंपाकघरात जमिनीवर बसली ती उठलीच नाही. मुलीनं फोन बंद ठेवला होता, कारण ती बापाजवळ होती आणि बाप दोन दिवसांनी शुद्धीवर आला होता. तो बायकोचं नाव घेऊन ती कुठे आहे विचारत होता. तास-दीड तास विचारत होता. शेजाऱ्यांनी आईला उठवून दवाखान्यात आणलं तोवर तो परत गुंगीत गेला होता. नंतर तो बोललाच नाही. शेवटी एकच वाक्य होतं, ‘मी एवढंच विचारते, तुम्हाला कुणी सांगितलं होतं?’

मी वेळ जुळवून पाहिली. हे मी करायला नको होतं, पण तपासायची सवय. तिच्या आईनं लिंक उघडली तेव्हा आपल्याकडे साडेसात वाजून गेले होते. पोस्ट टाकून तास होत आला होता. मी सात वाजायला दहा कमी असताना पाहिली होती. तेव्हा काढली असती, तर त्या बाईनं कोऱ्या पानावर काही नाही असं वाचलं असतं, कपडे बदलले असते आणि नवऱ्याजवळ जाऊन बसली असती. हेमानं जे केलं ते चाळीस वर्षं संसार केलेल्या बायकोकडून नवरा हिरावण्याइतकं मोठं नव्हतं. ते तसं झालं माझ्या अंघोळीत, माझ्या जेवणात, ऑटोतल्या माझ्या आनंदात. मेलला मी उत्तर दिलं नाही. हेमालाही सांगितलं नाही. सहा महिन्यांत आंबागडला तिचं लग्न झालं. पत्रिका व्हॉट्सॲपवर आली होती. मी हात जोडल्याचं चिन्ह पाठवलं.

आता ते ऑफिस नाही. तसल्या पोस्ट लिहायला आता माणूसच लागत नाही, यंत्र लिहितं, न थकता, आणि म्हणे फार छान लिहितं. त्या खोलीत शिकवणीचे वर्ग चालतात. मी एका शाळेत कॉम्प्युटर शिकवते. पोरांना सांगते की इंटरनेटवरची प्रत्येक गोष्ट खरी मानू नका, आणि सांगताना फळ्याकडे तोंड करते. पण ऑक्टोबर आला, वास आला, की सगळं परत येतं. मला माझ्या घरच्या विचारांचा अभिमान आहे म्हटलं ना? त्याच अभिमानानं मी हेमाला अंधश्रद्धाळू म्हणाले होते. ती निदान कुणाचं तरी आयुष्य वाढावं म्हणून खोटं बोलली. मी आकड्यावर श्रद्धा ठेवली आणि त्याला अक्कल समजत राहिले. याची मला लाज वाटते, दुसरा शब्द नाही.

यंदा ठरवलं, जाऊन सांगायचं. हेमा सिहोऱ्याला दिली आहे. तुमसरपर्यंत एसटीनं आणि पुढे काळीपिवळी जीपनं गेले. धानातच टाकलेली लाखोळीची डाळ उगवून आलेली दिसत होती, काही बांध्यांत यंत्र धान कापत होतं, काहींत अजून विळा. तिचं घर विचारलं तर लोकांनी ती शेतात आहे असं सांगितलं. चिखल सुकलेल्या बांधावरून चालत गेले. ती डोक्याला पंचा गुंडाळून बायांबरोबर कडपा बांधत होती. मला ओळखायला तिला वेळ लागला नाही. विळा बांधात खोचून आली, पदरानं तोंड पुसलं, आणि बांधावर जागा करून दिली. सासूची, मुलीची चौकशी झाली. मुलगी दोन वर्षांची आहे. हेमाच्या हातांवर लोंब्यांनी ओढलेले बारीक ओरखडे होते. तिनं विचारलं नाही मी कशाला आले म्हणून, त्यामुळे मलाच सुरुवात करावी लागली.

म्हटलं, त्या दिवशी मी सरांना नऊ सांगितलं ते खोटं होतं. मी सातच्या आधीच पाहिलं होतं आणि काढलं नाही. ती आपल्या पायाजवळचं ढेकूळ बोटांनी फोडत होती. “मले माईत आहे,” ती म्हणाली. “कॉम्प्युटरवर तुह्या नावापुढं हिरवा ठिपका आला होता ना. मी पाहूनच राहिली होती. आता काढंल, आता काढंल. तू काई काढलं नाई.”

मला वाटलं, आता येईल ते येऊ दे. चार वर्षं ज्याची भीती होती ते ऐकायला मी तयार झाले. पण हेमाच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ती मला जवळजवळ समजावत होती. “मंग मले समजलं,” ती म्हणाली. “तू तोंडानं नाई म्हणे, पण मनात तुह्याही तेच होतं, की आजा जगला पाहिजे. एकटी असती तं मी भेऊन मेली असती वं. तू ठेवलं म्हणून मले धीर आला. म्हणूनच मी सरांपुढं काई बोलली नाई. कायले दोघींनी जावं?”

मला बोलायला हवं होतं. आकडा, पहिला नंबर, अंघोळ, सगळं सांगायलाच तर मी तुमसरवरून आले होते. मुलीची ती मेल माझ्या फोनमध्ये होती, चार वर्षं जपून ठेवलेली, हातात पर्स आणि पर्समध्ये फोन. बाया पलीकडून तिला हाका मारत होत्या. हेमा उठली, पंचा नीट केला, आणि जाता जाता वळून म्हणाली, “दोन दिस तं जगला ना तो. शेवटी त्याची बायको पाशी होती?”

होती, मी म्हटलं. हे खोटं नव्हतं. बायको पाशी होती, दोन दिवस त्याचा हात धरून बसली होती, आणि तो बोलत नव्हता. जे विचारलं तेवढंच सांगायचं आणि बाकीचं दाबून धरायचं, हे मी त्या खोलीत नीट शिकले होते.

हेमानं विळा उचलला. तिचा चेहरा इतका मोकळा झाला होता की मला पाहवेना.

“मंग बरं झालं,” ती म्हणाली, “आपण दोघीनं ते केलं ते.”